कान नसलेले राखणदार

दहा उंदीर मेले होते आणि त्यांच्या रक्तात एकही जंतू नव्हता.

आता लावा याचा अर्थ. तीन दिवसांपूर्वी त्याच उंदरांच्या रक्तात माझ्या डोळ्यांदेखत सुईनं जंतू सोडले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाही जण पिंजऱ्यात एकमेकांना टेकून गार पडलेले. रक्त तपासलं तर साफ. म्हणजे घरात शिरलेला दरोडेखोर मेलेला, पेटीचं कुलूप जागच्या जागी, आणि तरी घरातली माणसंही मेलेली. मग त्यांना मारलं कुणी?

पोरांनो, सुटत नसेल तर लाजू नका. मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या चार माणसांनाही त्या सकाळी ते सुटलं नव्हतं. नुसते चष्मे पुसत उभे होते.

ही सन २०६४ ची गोष्ट. जतच्या माळावर, पवनचक्क्यांच्या रांगेपलीकडं आमचं संशोधन केंद्र आहे आणि त्याच्या आवारातच आठ खाटांचा दवाखाना. मी मायाक्का, तिथल्या उंदीरघराची मुख्य. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीला शाळा जागेवर राहिली आणि आमची मेंढरं पुढं गेली, मी मेंढरांमागं गेले. पण एकतीस वर्षं मी उंदीर सांभाळले. कोणता उंदीर उद्या आजारी पडणार ते मला आज त्याच्या पाठीच्या केसांवरून कळतं. माझ्या नोंदवहीत एकतीस वर्षांत कुणाला तांबडी रेघ ओढता आली नव्हती. हे मी मिरवत होते. पुढं काय झालं ते ऐका, मग कळेल की मिरवणं किती महागात पडतं.

माझ्या हाताखाली एक यंत्रमानव (माणसाची कामं करणारं यंत्र) होता. कारखान्यानं त्याला गाडीच्या पाटीसारखं लांबलचक नाव दिलं होतं. मी त्याचं नाव धोंडू ठेवलं. चार हातांनी तो पिंजरे धुवायचा, वजनं घ्यायचा, रक्ताचा थेंब तपासायचा. अक्कल भरपूर, आणि कुरकूर करायची नाही एवढा गुण माणसांहून जास्त.

आणि ते उंदीर साधे नव्हते. ते माझ्या नातीचे उंदीर होते.

माझी नात बाणाई, घरात बाणू. तेव्हा अकरा वर्षांची. तीन वर्षांची असताना तिचे गुडघे सुजायला लागले, मग गालांवर तांबडे चट्टे आले, मग लघवीतून रक्त. तिला स्वयंप्रतिकार रोग होता (शरीराचे राखणदार स्वतःच्याच शरीरावर चालून जातात, तो आजार). तिच्या रक्तातल्या राखणदारांना आवरायला रोज एक औषध द्यावं लागे. त्याला आम्ही लगाम म्हणायचो.

आमच्या डॉक्टर तेरदाळेबाईंनी बाणूच्या शरीरातली चूक शोधून काढली होती. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकं असतात (शरीर कसं घडवायचं ते लिहून ठेवलेल्या सूचना). बाणूच्या एका जनुकात एकच अक्षर चुकलं होतं. बाईंनी तेच चुकलेलं अक्षर असलेले उंदीर तयार केले. बाणूला नवं काही द्यायचं, तर आधी त्यांना देऊन बघायचं. बाणूचा मार उंदरांनी खायचा, असा तो सरळ हिशोब. मी तो रोज दाणे टाकताना मनात म्हणायचे आणि रोज दाणे टाकायचे.

बाईंना एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. बाणूसारख्या मुलाच्या रक्तात एखाद्या दिवशी जंतू शिरले तर करायचं काय? लगाम चालू ठेवायचा की सोडायचा? जुनी जंतुनाशक औषधं त्या काळी निम्म्याहून जास्त निकामी झाली होती; जंतूंना ती पचायला लागली होती. म्हणजे लढायचं ते राखणदारांनीच.

त्यांनी वीस उंदीर घेतले. दहा जणांना लगाम पहिल्यापासून चालू. त्यांचे राखणदार पेंगले, जंतू वाढत गेले, दुसऱ्या दिवशी उंदीर मेले. यात कोडं नाही. उरलेल्या दहांचा लगाम पूर्ण सोडला. त्यांचे राखणदार असे काही तुटून पडले की पस्तिसाव्या तासाला रक्त स्वच्छ. आम्ही म्हटलं, जिंकलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तेही मेले.

शाळा सुटली की बाणू उंदीरघराच्या काचेबाहेर येऊन उभी राहायची. तिला आत यायची परवानगी नव्हती. त्या दिवशी तिनं ताटातले दहा उंदीर पाहिले आणि विचारलं, हे माझेच ना? मी हो म्हणाले. खोटं बोलायचं नाही ही माझी सवय. निदान तोपर्यंत तरी होती. मग तिनंही तेच विचारलं, जे सगळे विचारत होते. मारलं कुणी?

मी तिला सर्ज्याची गोष्ट सांगितली.

मी बाणूएवढी असताना आमच्या कळपाला सर्ज्या नावाचा कुत्रा होता. छाती दाराएवढी. एका हिवाळ्यात पहाटे लांडगा मेंढरांत शिरला. सर्ज्यानं त्याची मान धरली ती तो मरेपर्यंत सोडली नाही. इथपर्यंत ठीक. लांडगा मेला, माझ्या बापानं सर्ज्याला हाक मारली, शीळ घातली. सर्ज्या थांबला नाही. त्यानं शेजारच्या मेंढीची मान धरली. मग दुसरीची. बाप त्याला धरेपर्यंत अकरा मेंढरं गेली आणि बापाच्या दंडाचा लचका गेला. सगळे म्हणाले कुत्रा पिसाळला. माझी आई तेवढी त्याच्यामागं जाऊन उभी राहिली आणि तिनं परात वाजवली. सर्ज्यानं मान वळवली नाही. कुत्रा बहिरा होता. आम्हाला कळलंच नव्हतं, कारण लांडग्यावर जायला त्याला हाक लागतच नव्हती; वास पुरत होता. हाक लागते ती थांबवायला.

बाणूनं काचेला नाक लावून ताट पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे जंतूंनी नाही मारलं. माझ्याच राखणदारांनी."

मागं तेरदाळेबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते आम्हाला कळलं नव्हतं. त्यांनी सर्ज्या तसाच ठेवला आणि त्याच्याभोवती शास्त्र बांधून दाखवलं. रक्तात भक्षकपेशी असतात (जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी). प्रत्येक भक्षकपेशीच्या अंगावर बारीक बारीक ग्राही असतात (पेशीचे कान म्हणा). काही कानांना ऐकू येतं, ‘धर’. एका कानाला ऐकू येतं, ‘आता पुरे’. बाणूच्या आणि तिच्या उंदरांच्या पेशींना तो ‘पुरे’वाला कानच नव्हता. म्हणून एरवी त्या तिचे गुडघे आणि मूत्रपिंडं कुरतडायच्या. म्हणूनच जंतू आले की त्या इतरांपेक्षा जास्त जोमानं लढायच्या. पण लढाई संपल्यावरही एकमेकींना हाका मारत राहायच्या. त्या हाका म्हणजे संदेशरसायनं (पेशींनी रक्तात सोडलेले निरोप). निरोपांचा पूर आला की रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्ताचा दाब पडतो, जीव जातो. जंतू मेलेला, आणि घरही मेलेलं.

मग बाणूनं विचारलं, "लांडगा मेल्यावर लगेच सर्ज्याला बांधलं असतं तर?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढचा प्रयोग तोच ठरला: सुरुवातीला राखणदारांना मोकळं सोडायचं आणि एक दिवस झाला, म्हणजे चोवीस तास उलटले, की लगाम घालायचा. रक्त पुरतं साफ होईपर्यंत थांबलं तर निरोपांचा पूर आवरणार नाही, असं बाईंना वाटत होतं.

आता माझ्या चुकीकडं येते.

नव्या प्रयोगासाठी मी दहा नर काढले. एकाच आईची दोन वेतं, सगळे भाऊ. त्यांची आई आधीच्या वीस जणांत मेली होती. नियम असा की प्रयोगाच्या उंदरांना वाफेनं निर्जंतुक केलेल्या कोऱ्या पिंजऱ्यात, कोऱ्या कापसावर ठेवायचं. धोंडूनं तसं, पाच-पाच करून दोन पिंजऱ्यांत ठेवलं. आणि ते दहाही भाऊ एकमेकांना फाडायला उठले. नर उंदरांचं असंच असतं. ओळखीचा वास गेला की भाऊ भावाला ओळखत नाही. संध्याकाळपर्यंत तिघांच्या शेपट्या रक्तानं भरल्या.

आमच्या घरची एक रीत आहे. मेंढरांचा मुक्काम हलवला की जुन्या जागेवरच्या लेंड्यांची एक मूठ नव्या जागी टाकायची. मेंढरं बुजत नाहीत, नवी जागा आपली मानतात. माझ्या आजीनं केलं, आईनं केलं. मीही केलं. मेलेल्या आईच्या पिंजऱ्यातलं घरटं जाळायच्या पिशवीत होतं. त्यातून मी मूठ मूठ कापूस काढला आणि दोन्ही पिंजऱ्यांत ठेवला. तासाभरात दहाही भाऊ एकमेकांच्या अंगावर झोपले.

धोंडू म्हणाला की पिंजऱ्याचं वजन नऊ ग्रॅमनं जास्त भरतंय, कारण काय लिहू. मी त्याला सांगितलं, कापूस जास्त घातला असं लिही. त्यानं लिहिलं. यंत्राला खोटं कळत नाही. ते फक्त नीट लिहून ठेवतं.

दहा दिवसांनी त्या भावांना जंतू टोचले. चोवीस तासांनी लगाम घातला. दहांतले सात जगले.

केंद्रात त्या दिवशी पेढे वाटले गेले. मी दोन खाल्ले.

त्याच आठवड्यात बाणू सायकलवरून पडली. गुडघ्याला खरचटलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी गुडघा भोपळ्यासारखा सुजला, सांजेला ताप चढला, आणि दवाखान्यात आणलं तेव्हा जंतू रक्तात पोचले होते. त्याच जातीचे, जे उंदरांना टोचले होते. ते जंतू माणसांच्या कातडीवर, नाकात एरवीही असतात, चीर मिळाली की आत जातात. जी दोन औषधं उरली होती ती दिली. जंतू त्यांना बधले नाहीत.

तेरदाळेबाईंनी माझ्या सुनेला, प्रणालीला, समजावून सांगितलं. बाणूचा रोजचा लगाम तिथल्या तिथे थांबवला होता, राखणदार लढत होते. उंदराचा एक दिवस म्हणजे माणसाच्या आजारात साधारण तीन, असा त्यांचा अंदाज. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी आठला बाणूला शिरेतून लगाम द्यायचा. दहांतले सात जगले होते. प्रणालीनं सही केली.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी उंदीरघरात जाऊन बसले. करायला काही नव्हतं म्हणून धोंडूच्या पडद्यावर त्या दहा भावांची नोंद बघत होते. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. त्यांच्या रक्तातले जंतू बाविसाव्या तासाला संपले होते. आधीच्या दहांना पस्तीस तास लागले होते. तेच जंतू, तेवढेच जंतू, तीच जात. बाईंनी शेजारी लिहिलं होतं की हे उंदीर वयानं लहान, म्हणून चपळ असतील.

लहान आहेत म्हणून नाही, हे मला माहीत होतं. त्यांच्याकडं आईचं घरटं होतं. त्या कापसात आजारी आईचे थोडे जंतू होते आणि भावांच्या अंगावर चावल्याच्या चिरा होत्या. थोडेसे जंतू आत गेले असणार. राखणदारांची छोटी चकमक झाली असणार. एकदा दारात पाहिलेला चोर दुसऱ्यांदा लांबून ओळखू येतो. म्हणून त्यांची लढाई बाविसाव्या तासाला संपली आणि चोविसाव्या तासाचा लगाम बरोबर वेळेवर पडला.

पण बाणूच्या राखणदारांनी हा चोर रक्तात कधी पाहिला नव्हता. त्यांना जास्त वेळ लागणार. आणि उद्या आठ वाजता, लांडगा कळपात जिवंत असताना, आम्ही कुत्र्याला साखळी घालणार होतो.

किंवा माझं चुकत असेल. चौथी शिकलेली बाई मी. आणि सात जगले होते हे तर खरं होतं. गप्प बसले असते तर नोंदवहीत तांबडी रेघ आली नसती. मी तसा विचार केला. किती वेळ केला ते सांगत नाही. मग उठले आणि बाईंच्या खोलीत गेले.

सगळं सांगितलं. आईचं घरटं, मूठ, नऊ ग्रॅम. बाई खुर्चीत मागं टेकल्या. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"धोंडूला. त्याला मी कापूस जास्त लिही म्हणाले."

"मायाक्का, उद्या सकाळी मी तिचे राखणदार बांधणार होते."

"म्हणून तर आले."

बाई शांतपणे म्हणाल्या, "सात जगले, त्याला आता काही अर्थ उरला नाही. लगामानं जगले की घरट्यानं, हे कुणालाच सांगता येणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी पोरासोरांनाही शिकवते. तुम्हाला एकतीस वर्षांत शिकवावं लागेल असं वाटलं नव्हतं. उंदीरघराची चावी ठेवा."

मी चावी मेजावर ठेवली. म्हणाले, "चावी ही घ्या. पण आधी बारा उंदीर काढून देते. दुसऱ्या कुणी हात घातला तर चावतात."

त्यांनी काढू दिले.

बाहेर प्रणाली उभी होती. दार उघडं होतं, तिनं ऐकलं होतं. ती मला आयुष्यात एक शब्द उलटून बोलली नव्हती. त्या दिवशी म्हणाली, "आत्याबाई, उंदरांची भांडणं तुम्हाला बघवली नाहीत. आता माझ्या पोरीकडं बघा." मी बघितलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

बारा उंदरांना दुपारीच जंतू टोचले. कोरे पिंजरे, कोरा कापूस, कुणाच्या वासाची मूठ नाही. ते भांडले, एकमेकांना चावले. यावेळी कुणी मध्ये पडलं नाही. सहांना घड्याळ बघून चोविसाव्या तासाला लगाम घालायचा. उरलेल्या सहांना घड्याळ नाही. धोंडू दर तासाला रक्तातले जंतू मोजणार आणि ते संपत आले की मगच लगाम.

निकाल हातात येईपर्यंत बाणूला काय करायचं, हे बाईंना निकालाशिवायच ठरवायचं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्या सुई भरून खाटेपाशी आल्या. बाणूच्या दंडाला मोजपट्टी लावली होती (रक्तातले जंतू मोजणारं यंत्र, पट्ट्यासारखं). तिच्यावर आकडा होता नऊ हजार. बाईंनी सुई परत ठेवली. आदल्या दुपारी मी सांगितलं नसतं तर त्यांनी तो आकडा बघितलाच नसता. तोवर त्या घड्याळच बघत होत्या. हे त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं, आणि अशी माणसं फार नसतात.

त्या दिवशी बाणूचा ताप उतरला नाही. ती मधूनच जागी व्हायची. एकदा तिनं विचारलं, "आज्जी, माझ्यात कोण जिंकतंय?"

मी म्हणाले, "अजून कुणी नाही."

"मग तू का रडतेस?"

मी रडत नव्हते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते वेगळं.

दुपारी त्या बारा उंदरांतल्या पहिल्या सहांना चोवीस तास झाले. लगाम घातला. त्यांचं रक्त अजून जंतूंनी भरलेलं होतं. राखणदार थबकले आणि जंतू उसळले. दुसऱ्या सकाळपर्यंत सहांतले पाच मेले. त्या पाचांच्या रक्ताचे आकडे बाईंनी प्रणालीला दाखवले. प्रणालीनं ते वाचले आणि माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसली.

दुसऱ्या सहांचं रक्त छत्तिसाव्या तासाच्या आसपास स्वच्छ होत आलं. कुणाचं तेहतिसाव्याला, कुणाचं एकोणचाळिसाव्याला; प्रत्येकाचं वेगळं. ज्याचं जेव्हा झालं तेव्हा त्याला लगाम. चार जगले, दोन मेले.

म्हणजे आता आम्हाला एवढं कळलं होतं. बिनकानाच्या राखणदारांना आधीच बांधलं तर जंतू मारतात. कधीच नाही बांधलं तर ते स्वतःच मारतात. मध्ये एक दार उघडतं, थोड्या वेळासाठी, आणि ते कधी उघडेल हे त्या त्या जिवाचं रक्तच सांगतं. बाकी कुणी नाही.

बाणूचं दार उघडेना. चौथ्या दिवशी आकडा चार हजार. ताप एकशेपाच. तिच्या डाव्या हाताची बोटं निळी पडायला लागली, मग टोकांशी काळी. राखणदारांच्या हाकांनी बारीक रक्तवाहिन्या आतून बंद होत होत्या. लगाम घातला तर बोटं वाचतील, जंतू उसळतील. नाही घातला तर बोटं जातील. प्रणालीनं बाईंना विचारलं, किती बोटं? बाई म्हणाल्या, माहीत नाही. प्रणाली म्हणाली, थांबा मग. पोरीची बोटं काळी पडताना बघत थांबायचं, हे त्या दोघींनी कसं केलं ते मला अजून उमगलेलं नाही. मी तर भिंतीकडं तोंड करून बसले होते.

पाचव्या दिवशी सकाळी सहाशे. दुपारी दोनला दीडशे. तीनला चाळीस. बाईंनी पाच मिनिटांनी पुन्हा मोजायला लावलं. अडतीस. मग त्यांनी लगाम दिला आणि मोजपट्टीवर डोळे लावून तिथंच स्टुलावर बसल्या.

आकडा वर गेला नाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. बाणू जगली.

डाव्या हाताच्या तीन बोटांची टोकं गेली. उजवं मूत्रपिंड अर्धं काम करतं. हे मी झाकून ठेवत नाही, कारण झाकलेल्या मुठीचं काय होतं ते मी पाहिलं आहे. आणि बेचाळीस उंदीर लागले. जगलेलेही पुढं तपासणीसाठी मारावे लागतात, हा नियम आहे. ज्यांना मी दाणे घातले त्यातला एकही आज नाही. बाणूनं बरी झाल्यावर आकडा विचारला, मी सांगितला. ती म्हणाली, मला तो लिहून दे. मी लिहून दिला.

चावी मला परत मिळाली नाही. मिळायलाही नको होती, असं मी आता म्हणते. तेव्हा महिनाभर तेरदाळेबाईंशी बोलत नव्हते. मग त्यांनी अहवाल वाचून दाखवायला बोलावलं. त्यात ‘चुका’ म्हणून एक भाग होता आणि त्यात माझं नाव, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. खाली पाच ओळी होत्या: थोडे जंतू आधी भेटले तर बिनकानाचे राखणदारही लवकर शिकतात; त्यांच्याकडं प्रतिपिंडं तयार होतात (जंतूच्या अंगाला चिकटून त्याला ओळखू आणणाऱ्या खुणा), मग लढाई लवकर आटोपते आणि दंगा कमी होतो. तर मग मेलेल्या जंतूंचे तुकडे देऊन अशा मुलांच्या राखणदारांना आधीच शिकवता येईल का, हे बघावं. त्यावर आता काम चालू आहे. नव्या उंदरांवर, कोऱ्या कापसावर. मी बाहेरून काचेतून बघते आणि नव्या मुख्य बाईंना पाणी बदलायची वेळ झाली की खूण करते. त्यांना आवडत नाही.

गेल्या महिन्यात विजापूरहून फोन आला. तिथं चार वर्षांची एक मुलगी दवाखान्यात होती. तिच्याही पेशींना तो कान नाही, आणि रक्तात जंतू. डॉक्टरांनी अहवाल वाचला होता, बाई त्यांच्याशी सगळं बोलल्या. पण मुलीच्या आईला ज्या मुलीला असं झालं होतं तिच्याशीच बोलायचं होतं.

बाणूनं तीन आखूड बोटांच्या हातात फोन धरला. त्या बाईनं विचारलं असावं की तुला लगेच औषध का नाही दिलं, आणि माझ्या पोरीला का देत नाहीत. कारण बाणू तिला सांगू लागली. राखणदार म्हणजे काय, कान म्हणजे काय, आधी बांधलं तर काय होतं, उशिरा बांधलं तर काय होतं. एकेक पायरी, न घाबरता, जशी मोठी माणसं लहानांना सांगतात तशी. सर्ज्या मात्र तिनं सांगितला नाही. तिला आता त्याची गरज पडत नव्हती.

मग ती थांबली आणि ऐकू लागली. पलीकडची आई काय विचारत होती ते मला न ऐकताच कळलं. अशा वेळी सगळ्या आया एकच विचारतात.

बाणू म्हणाली, "ते मला माहीत नाही, काकू. पण तिच्या दंडावरचा आकडा आत्ता किती आहे तो मला सांगा. आपण दोघी मिळून बघत बसू."